धोतऱ्यासमोर ओळखपरेड

धप्पकन आवाज झाला आणि माझ्या चहात माती पडली. समोर टेबलावर टोमॅटोचं एक झाड आडवं झालं होतं. मुळासकट, ढेकळासकट आणि ज्या बांबूला बांधलं होतं त्या बांबूसकट. कैद्याला खांबासह उचलून आणावं, तसं.

"म्याडम, ह्येचा पंचनामा करा," झाडाच्या पलीकडून आवाज आला. "मारेकऱ्यालाबी संगंच आनलाय."

बोलणारे होते सुभेदार. सैन्यातून निवृत्त झालेले, उंब्रजच्या पलीकडे कृष्णाकाठच्या एका गावातले बागायतदार. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथून अजून माझ्या घरी गूळ येतो. त्यांच्या मागे, दारातच, उभा होता मारेकरी. ठेंगणा, तुकतुकीत, मिशीला पीळ दिलेला. ज्ञानू कांबळे. त्याच गावात भाजीची रोपं तयार करून विकायचा.

"मारेकरी कुनाला म्हन्ता? तोंड सांभाळा, सुभेदार. तुमी पेन्शनीत हाय, पलटनीत न्हाई."

"कांबळ्या, तुझ्या रोपांनी माझं रान खाल्लं!"

"माझ्या रोपांना पानं हायत, दात न्हाईत!"

साताऱ्याच्या आमच्या ऑफिसात एवढी करमणूक एरवी नसायची. मी कप बाजूला सारला आणि झाड जवळ ओढलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिकांचे रोग ओळखणं आणि त्यांवर उपाय सांगणं हे माझं काम. त्या ऑफिसात बाई मी एकटीच. त्यामुळे येणारा प्रत्येक शेतकरी आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे बघायचा, खरा डॉक्टर आत बसलाय का म्हणून. सुभेदारांनी मात्र तसं काही केलं नाही. त्यांना कोण भेटतंय याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना शिक्षा हवी होती.

झाडाची अवस्था वाईट होती. पानं कुठं हिरवी, कुठं पिवळी, जुन्या गोधडीच्या ठिगळांसारखी. शेंड्याची पानं तर पानंच राहिली नव्हती, नुसत्या दोऱ्या झाल्या होत्या. फळ सुपारीएवढं आणि वाकडं. याला मोझॅक म्हणतात. हे काम विषाणूचं, म्हणजे व्हायरसचं.

आवाज ऐकून आमचे साहेब बाहेर आले. त्यांनी झाडाकडे उभ्याउभ्या एक नजर टाकली.

"मोझॅक. सोर्स?"

"नर्सरी!" सुभेदार टाचा जुळवून म्हणाले.

"नर्सरीत आता काय आहे?"

"वाफे भरून रोपं हायत, साहेब," कांबळे म्हणाला. "उंब्रजपास्नं कराडपातूर लोक न्यायला येनार हायत. माझी रोपं चांगली हायत."

साहेब माझ्याकडे वळले. "रिपोर्ट तयार करा. वाफे उपटून जाळायचे. पट्टाभर रोग पसरण्यापेक्षा एक नर्सरी गेलेली बरी."

साहेब दुष्ट नव्हते. नियमानं बघितलं तर त्यांचं बरोबरच होतं. पण मी कांबळेच्या तोंडाकडे बघितलं. त्याची स्वतःची जमीन नव्हती. नदीकाठचा एक तुकडा खंडानं घेऊन नवरा-बायकोनं ही रोपवाटिका उभी केली होती, आणि सुभेदारांसारख्या मोठ्या बागायतदारांनी त्याच्याकडची रोपं नेली ती याच वर्षी पहिल्यांदा. सरकारी माणसांनी येऊन वाफे जाळले, तर ते सगळं गाव बघणार. पुढच्या हंगामात कांबळेच्या दारात कोण येणार होतं?

"साहेब, टेस्ट करते आणि मग लिहिते," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"आठ-दहा."

"आठ," साहेब म्हणाले आणि खोलीत गेले.

आता हा विषाणू झाडाला नेमकं करतो काय, हे सांगायला मला एक लग्न लावावं लागेल. बसा.

समजा, उंब्रजला लग्न आहे आणि बँड आला आहे. बँडवाल्यांना शेकडो गाणी येतात, पण ते सगळी एकदम वाजवत नाहीत. वरात निघताना एक, नवरदेव मांडवाच्या दारात आला की दुसरं, पंगत बसली की तिसरं. झाडाचंही असंच असतं. त्याच्या प्रत्येक पेशीला सगळी गाणी येतात. त्यांना आम्ही जनुकं म्हणतो, इंग्रजीत जीन्स. मुळाला जी गाणी येतात तीच पानालाही येतात. कुठं, केव्हा, कोणतं वाजवायचं, एवढ्यावरच मुळाचं मूळ होतं आणि पानाचं पान.

मग मांडवात एक आगंतुक शिरतो. ना मुलीकडचा, ना मुलाकडचा. त्याच्याकडे ना ढोल, ना क्लॅरिनेट. त्याच्याकडे फक्त एक गाणं असतं, स्वतःचं. तो बँड मास्तरच्या कानाला लागतो, "माझं वाजवा." आणि बँडवाले वाजवतात! पुन्हा पुन्हा तेच. नवरदेव घोड्यावर ताटकळतो, पंगत उपाशी बसते. पान हिरवं ठेवायचं गाणं मंद पडतं, पान रुंद करायचं गाणं अर्ध्यातच थांबतं. म्हणून ती ठिगळं आणि म्हणून त्या दोऱ्या. विषाणूनं झाडाचं काही खाल्लेलं नसतं. त्यानं बँड ताब्यात घेतलेला असतो, बस्स.

हल्ली याला जीन एक्स्प्रेशन बदलणं म्हणतात. तेव्हा आम्ही 'झाडाचा कारभार बिघडला' म्हणायचो आणि तेवढ्यावर भागायचं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं उंब्रजला उतरले. तिथून सुभेदारांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्यांच्या रानात. ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात सुभेदार, दुसऱ्यात कांबळे आणि मध्ये मी.

रान बघून मी थक्क झाले. बेंगळूरला पोस्टिंग असताना सुभेदारांनी टोमॅटो काठीला बांधून वाढवलेले बघितले होते. आपल्याकडे तेव्हा ही नवलाई होती. इथं प्रत्येक झाड बांबूला बांधलेलं, बगलेतले फुटवे खुडलेले आणि ओळी इतक्या सरळ, की उभं राहून सलामी घ्यावी.

"रोजच्या रोज बांधनी आन् खुडनी," सुभेदार छाती पुढं काढून म्हणाले. "ह्या अंगाला मी, दोन पोरं आन् गडी. त्या अंगाला आमची मंडळी आन् बायका. दोन सेक्शन."

"आणि रोपं? दोन्हीकडं वेगळी लावलीत?"

"न्हाई, न्हाई. एकाच दिवशी, एकाच वाफ्यातली. समदी ह्या कांबळ्याची."

मी आधी पुरुषांच्या सेक्शनमध्ये शिरले. मोझॅक होताच, पण वेडावाकडा पसरलेला नव्हता. ओळीच्या सुरुवातीची झाडं जबरदस्त आजारी, पुढं पुढं कमी. पुढची ओळ, पुन्हा सुरुवात वाईट. तिसरीतही तेच. मग बांध ओलांडून बायकांच्या सेक्शनमध्ये गेले. तिथं अख्ख्या ओळी हिरव्यागार! हुडकून हुडकून एखादं झाड सापडलं, तेही बांधाला लागून.

रोपं एकाच वाफ्यातली. जमीन एक, पाणी एक, ऊन एक. मग रोगाला पुरुषांचंच एवढं प्रेम का?

एवढ्यात शिट्टी वाजली. खरोखरची, पितळी. सुभेदारांच्या गळ्यात ती अडकवलेली होती.

"टोळी, थांब! तंबाखू!"

सगळे पुरुष ओळीच्या टोकाला बांधावर बसले. सुभेदारांनी कनवटीची चंची सोडली. एकच चंची सगळ्यांत फिरली, कारण सुभेदारांच्या रानात दुसऱ्या कुणाची तंबाखू खाणं म्हणजे सुभेदारांचा अपमान. प्रत्येकानं तंबाखूचं वाळकं पान घेतलं, डेख म्हणजे देठ मोडून टाकलं, पान चुरलं, चुना लावला, मळलं, थाप मारली, गालात धरलं. पुन्हा शिट्टी. सगळे उठले आणि त्याच हातांनी पुढच्या ओळीचं पहिलं झाड धरलं.

मी बघतच राहिले. नाटकाचा पडदा माझ्यासाठीच वर गेला होता जणू.

"आणि बायकांना सुट्टी?" मी विचारलं.

"त्या कुठं तंबाखू खात्यात? मग सुट्टी कशाला? मिस्री लावायची ती घरी लावून यायची. रानात मिस्री दिसली तर कोर्टमार्शल! घान सवय."

एवढं बोलून सुभेदारांनी पाहुणचार म्हणून चंची माझ्यापुढं धरली आणि पटकन मागं घेतली. "माफ करा म्याडम. हात सवयीनं पुढं आला."

"असू दे की. द्या चिमूटभर," मी म्हणाले.

सुभेदारांच्या थोरल्याला ठसका लागला.

"खाता व्हय तुमी?"

"अजून तरी नाही." मी तंबाखू रुमालात बांधली. "कुठली आहे?"

"मेव्हन्याच्या रानातली. मिरजंच्या अंगाला. आख्ख्या सांगलीच्या बाजारात असली मिळायची न्हाई," सुभेदार खुशीत म्हणाले.

कांबळे माझ्या कानाशी आला. "ताई, जपून हां. लय कडक हाय म्हन्त्यात. मला म्हाईत न्हाई. आमच्या बानं दीक्षा घेतली तवाच तंबाखू घरातनं भाईर गेली."

दुपारी जेवायला सुभेदारांच्या घरी गेले. त्यांच्या मंडळींना सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्का चुलीपुढं बसून तव्यावर काहीतरी भाजत होत्या. घरभर असा ठसका, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिस्री?" मी विचारलं.

"हळू बोल की, पोरी. पलटन भाईर बसलीया."

"तंबाखू कुठली ही?"

"माझ्या भावाची. दुसरी कुठली आसनार? निम्मी चंचीत जाती, निम्मी तव्यावर." आक्कांनी पान पालथं केलं. ते काळं कोळसा झालं होतं. "काळी कुळकुळीत झाली की वाटायची. आमी समद्या बायका पहाटं दातांना लावतो आन् मग रानात जातो."

मी तिथंच हसायला लागले. आक्कांना वाटलं, मिस्रीचा वास डोक्यात गेला.

हसण्याचं कारण असं. या विषाणूचं मूळ घरच तंबाखू. तंबाखूच्या झाडाला तो असतो, पान वाळलं तरी त्यात जिवंत राहतो, वर्षानुवर्षं. माशी लागत नाही, वारा लागत नाही. एक हात पुरतो. तंबाखू चुरलेली बोटं टोमॅटोच्या खुडलेल्या ओल्या जखमेला लागली की झालं काम. पण एक गोष्ट त्याला सोसत नाही, ती म्हणजे भाजणं. घरात तंबाखू एकच, गाठोडं एकच. पुरुष ती कच्ची खात होते आणि बायका तव्यावर जाळून मग लावत होत्या.

परत जाऊन साहेबांना हे सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, खिशातून डबी काढली आणि तंबाखू मळू लागले.

"तंबाखूमुळं? अहो, निम्मा जिल्हा तंबाखू खातो."

"पुस्तकात आहे, साहेब."

"कुठल्या?"

"परदेशी आहे."

"मग तिकडची तंबाखू वेगळी असणार." साहेबांनी थाप मारली. धूळ माझ्या फायलीवर उडाली. "शिवाय रोपात रोग असतो आणि दिसत नाही, असंही तुमच्या पुस्तकात असेलच. कांबळेची रोपं स्वच्छ आहेत हे सिद्ध करा. नाहीतर वाफे जाळायचे."

हे मात्र खरं होतं. नुसता तर्क चालणार नव्हता. मला साक्षीदार पाहिजे होता, आणि असा, की ज्याला विषाणू लागला की लगेच ओरडेल.

असा साक्षीदार रस्त्याकडेलाच उगवतो. धोतरा! महादेवाला वाहतात तो. माझ्याकडे त्याची रोपं होती. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत मी ती खोलीच्या व्हरांड्यात वाढवत असे. घरमालकीणबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. धोतरा विषारी असतो हे त्यांना माहीत होतं आणि माझं लग्न ठरत असल्याचंही. "मुलाकडच्यांना सांगितलंयस का हे?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.

डबे ट्रॉलीत घालून मी गावात नेले. सुभेदार म्हणाले, टेस्ट होईल ती सगळ्यांसमोर. कांबळे म्हणाला, मलाबी तेच पायजे. शाळेचा व्हरांडा ठरला. नंतर डबे शाळेच्याच एका खोलीत कुलपात राहणार आणि किल्ली हेडमास्तरांकडे, कारण ते दोघांशीही बोलत नव्हते.

सगळं गाव जमलं. साहेबही जीपनं आले. मी डबे ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर चुन्यानं खूण केली. कृती अगदी साधी. धोतऱ्याच्या पानावर वस्त्रगाळ रांगोळी भुरभुरवायची, म्हणजे चोळताना पानाला बारीक ओरखडे पडतात. मग ओलं बोट पानावरून हलकेच फिरवायचं. ओरखड्यातून विषाणू आत. वरून पाणी शिंपडून पान धुवायचं आणि वाट बघायची.

पहिले सुभेदार. त्यांनी नेहमीसारखी तंबाखू मळली, बोट ओलं केलं आणि पानाला असं चोळलं, की जणू बंदूक साफ करताहेत. मग त्यांचा थोरला. मग आक्का पदर खोचून पुढं आल्या आणि मिस्रीचं बोट त्यांनी सगळ्या गावासमोर पानावर फिरवलं. सुभेदारांनी मान दुसरीकडं वळवली. मग कांबळे. त्यानं प्रत्येक वाफ्यातली पानं आणली होती. ती त्यानं ठेचली आणि रस चोळला. चोळताना ओठ हलत होते. मी स्वतः हात साबणानं घासून एका डब्याला नुसतं पाणी चोळलं.

"हळू, कांबळ्या," सुभेदार म्हणाले. "पान फाटंल."

"फाटू द्या. खरं तरी भाईर येईल."

एक डबा उरला होता. साहेबांनी एवढा वेळ सगळं उभ्यानं, तंबाखू मळत, बघितलं होतं. आता त्यांना राहवेना.

"असं नव्हे. तुम्ही सगळे फार दाबताय," ते पुढं आले. "बोट असं तिरकं धरायचं. असं. एका दिशेनं." आणि त्यांनी शिल्लक डब्यातल्या दोन्ही पानांवर उत्तम प्रात्यक्षिक करून दाखवलं. कॉलेजात ते याच विषयात पहिले आले होते म्हणे.

"वा, साहेब," मी म्हणाले. आणि ते वळल्यावर त्या डब्यावर हळूच चुन्यानं 'सा' काढला.

तीन-चार दिवसांत काय ते कळणार होतं: विषाणू असेल तर पानावर ठिपके, नसेल तर पान स्वच्छ. ते दिवस माझे बरे गेले नाहीत. गावात पैजा लागल्या असल्याचं एसटीच्या कंडक्टरनंच मला सांगितलं. कांबळेची बायको म्हणे रोज सकाळी वाफ्यांना पाणी घालत होती, आणि कुणी विचारलं, जाळायचं हाय त्येला पानी कशाला, तर म्हणायची, "जाळायचं का न्हाई ते धोतरा सांगंल. तहान आत्ता लागलीया."

खोली उघडली त्या दिवशी साहेब सही-शिक्क्याच्या तयारीनं आले होते. हेडमास्तरांनी कुलूप काढलं. डबे बाहेर आणून ओळीनं मांडले.

सुभेदारांच्या डब्याकडे बघायची गरजच नव्हती. पानभर तांबूस ठिपके, देवी आल्यासारखे. थोरल्याच्या डब्यावरही तेच. आक्कांचं पान स्वच्छ. माझं स्वच्छ. आणि कांबळेचं पान? मी ते उचलून उन्हात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, सगळ्या गावापुढून फिरवलं. एक ठिपका असेल तर शपथ.

कांबळेनं मिशीवरून हात फिरवला आणि तो खाली बसला.

आक्का मात्र पुढं आल्या. "रानात मिस्री न्हाई म्हनं! कोर्टमार्शल म्हनं! आता कुनाचं करायचं?"

"चुन्यानं मरत न्हाई का ह्यो जंतू?" सुभेदारांनी शेवटचा मोर्चा लढवला.

"चुना तळहाताला लागतो, सुभेदार. डेख मोडता, पान चुरता, ते चुना लावायच्या आधी. ती धूळ बोटांना राहते. आणि झाड तुम्ही तळहातानं खुडता की बोटांनी?"

साहेब तोवर शेवटच्या डब्याशी पोचले होते. त्यावर इतके ठिपके होते, की पानाचा हिरवा रंग शोधावा लागत होता.

"हा कुणाचा?" साहेबांचा आवाज करडा झाला. "केवढं इन्फेक्शन आहे! या माणसाला शेतात पाऊलसुद्धा टाकू देऊ नका."

मी फक्त डबा जरासा फिरवला. चुन्याचा 'सा' साहेबांसमोर आला.

साहेबांनी 'सा' बघितला. मग स्वतःचा उजवा हात बघितला. मग तो पँटच्या खिशात घातला. पहिल्यांदा आक्का हसल्या, मग सगळं गाव, आणि सर्वांत शेवटी साहेब. इतके हसले की टोपी सावरावी लागली.

"रिपोर्टमध्ये नावं घालू नका," ते डोळे पुसत म्हणाले. "नर्सरी निर्दोष, एवढं लिहा. सही करतो."

गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, ह्यो धोतरा एवढा आजारी पडला, मग मरनार का?" मी म्हणाले, नाही मरणार, तीच तर त्याची गंमत. धोतऱ्याच्या बँडला एक असं गाणं येतं, जे एरवी कधीच वाजत नाही. आगंतुक मांडवात शिरला की ते सुरू होतं. ते ऐकलं, की आगंतुकाच्या भोवतालच्या पेशी स्वतःच मरून जातात, त्याला आत कोंडून. तोच तो ठिपका. विषाणू तिथंच अडकतो आणि बाकीचं झाड वाचतं. टोमॅटोला हे गाणं नीट येत नाही, म्हणून त्याच्यात विषाणू शेंड्यापर्यंत वरात काढतो. आजारी पानात निरोगी पानात नसलेली प्रथिनं तयार होतात, हे तेव्हा जगात नुकतंच कळायला लागलं होतं. मला ते धोतऱ्याच्या ठिपक्यात दिसत होतं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे महादेवाला म्हाईत हुतं."

कांबळेची रोपं ठरल्याप्रमाणे उंब्रजपासून कराडपर्यंत गेली. सुभेदारांनी आजारी झाडं उपटून जाळली, शिट्टी वाजवून. तंबाखू काही त्यांनी सोडली नाही. त्यांनी आपल्या पद्धतीनं बंदोबस्त केला. खुडणी आणि बांधणी सगळी बायकांकडे दिली, पुरुषांना पाण्यावर आणि खतावर घातलं, आणि आता बायकांनाही सुट्टीची शिट्टी मिळू लागली. मेव्हण्याच्या रानात मी पुढं एकदा जाऊन आले. तंबाखूची पानं ठिगळ लावल्यासारखी. "ह्यो तर दरसाल येतोय," मेव्हणा म्हणाला. "तंबाखूला काय हुतंय त्येनं?"

पुरुषांना झाडाला हात लावायचाच असेल, तर त्यावर मी उपाय सांगितला होता. हात दुधात बुडवून धुवायचे. दुधातल्या प्रथिनानं हा विषाणू लुळा पडतो. हे ऐकून आक्कांनी मला घरातून हाकलायचंच बाकी ठेवलं. "म्हशीचं दूध? हात धुवायला?" शेवटी डेअरीतलं साय काढलेलं दूध चालेल यावर तह झाला.

पुढच्या हंगामात मी गावात गेले ती कांबळेच्या रोपवाटिकेवर. नदीकडच्या बाजूला नवे वाफे आले होते. दारात काटेरी कुंपण आणि एकच अरुंद वाट. वाटेवर पाट टाकून कांबळे बसला होता, बाजूला दुधाची कळशी, हातात तांब्या. त्याचा नियम होता. हात धुतल्याशिवाय आत कुणाला प्रवेश नाही, मग तो कुणीही असो.

समोरून सुभेदार आले. रोपं निवडायला. दोन पावलांवर थांबले.

"आवं सुभेदार, हात," कांबळे म्हणाला.

सुभेदारांनी चंची काढून बांधावर ठेवली. बाह्या वर सारल्या. वाकले, आणि दोन्ही हात कांबळेपुढं ओंजळीसारखे धरले. कांबळेनं वरून हळूहळू दूध ओतलं, बोटं, नखं, मनगटं सगळं भिजेपर्यंत.

"नखातनं चोळा. राहतंय तिथं."

"चोळतोय न्हवं, कांबळे," सुभेदार म्हणाले. "आजून घाल."

बस्स, एवढंच. मग दोघं आत गेले आणि कुठल्या वाफ्यातली रोपं चांगली यावरून पुन्हा कडाकडा भांडू लागले.

त्यानंतर मी कितीतरी वर्षं रोग तपासत हिंडले. रोग कुठून आला म्हणून विचारलं, की माणसं हमखास शेजाऱ्याकडे बोट दाखवतात. मी आधी ते बोट धुवायला लावते.